गारठलेली बोटं

४ जून
मेलबर्नहून समुद्र ओलांडून दक्षिणेला, डोव्हरला पोचलो. इथे जून म्हणजे ऐन हिवाळा. थंडीने हाडं गोठली, पण मन खूश आहे. कचेरी बंदरालगतच. माझी वरिष्ठ मो ट्रेगिअर, साठीची, मच्छीमारांसाठी अंगावर बांधायचं हाक-यंत्र आखतेय. माणूस पाण्यात पडला की त्याने बटण दाबायचं, सुटकेच्या बोटीला जागा कळते. यंत्र अजून कागदावरच आहे. त्याचे नियम आधी संगणकातल्या खोट्या समुद्रात पडताळायचे, हे माझं काम. लॉकी, उबदार मोजे आणलेस की नुसती मेलबर्नची अक्कल, असं विचारून तिने मला गरमागरम स्कॅलप शिंपले खाऊ घातले.

९ जून
खोट्या समुद्रात एक खोटा माणूस असतो. गारठ्याने त्याच्या बोटांतली ताकद उतरत जाते. चुकून हाक जाऊ नये म्हणून बटण तीन सेकंद दाबून धरायचं, असा नियम. त्याला ते जमत नाही. दर वेळी बुडतो. नियम बदलू या म्हटलं, तर मो म्हणाली, बघू रे, घाई कसली?

१५ जून
धक्क्यावरच्या मच्छीमार वर्नने सांगितलं, मोचा मुलगा रोरी शेवंडांच्या बोटीवरून पडून गेला. सापडलाच नाही. खोट्या माणसाचं वजन, डावखुरेपण, सगळं रोरीचं.
मोला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, नियम सुधारलास की तो वाचेल, वाचला की चाचणी संपेल. मग मी रोज सकाळी कुणाला बघायला येऊ?
 पण पुढच्या महिन्यात याच नियमावर खरी यंत्रं बनतील. वर्नही ते बांधेल.

१९ जून
रोरीची माहिती काढून दुसराच माणूस घातला, उजव्या हाताचा. तरी बटणावर डावा अंगठा. चाचणी थांबवली. पडद्यावर बटण दाबल्याच्या खुणा उमटतच राहिल्या.
मोने पडद्यावर हात ठेवला. म्हणाली, दमला असेल रे.

२० जून
नियम बदलला. नुसतं बोट टेकलं तरी हाक जाईल. मोला न विचारता. चांगलंच केलं ना—

२१ जून, दुपार
हाक आली. जागा आमच्याच धक्क्याची. यंत्र तर अजून बनलंही—
मो कोट न घालता पायऱ्या उतरली. आलास का रे, म्हणत. पाणी कमरेपर्यंत, मग—
मी आणि वर्न धावलो. पाणी मोकळं.
वर्नने बोट काढली. त्याला जागा सांगायला मी परत पडद्यापाशी—
दोन माणसं दिसतायत. डावा अंगठा थांबलाय.
दुसरं माणूस बटण दाबतच नाही. मो, एकदा तरी दाब, नुसतं बोट टेकव, मी नियम बद—