ऑक्सिजनचे शेवटचे दोन इलेक्ट्रॉन

सर, आज मेहकरच्या आपल्या कॉलेजात, तुम्ही शिकवायचे त्याच फळ्यावर, माझ्या हातून तुमचीच चूक झाली. ऑक्सिजनची आकृती काढत होते. दोन अणू जवळ आले की त्यांची ऑर्बिटल्स, म्हणजे इलेक्ट्रॉनांची घरं, मिसळतात. जितकी घातली तितकीच मॉलिक्युलर ऑर्बिटल्स निघतात, अर्धी खाली उतरून अणूंना जोडतात, अर्धी वर चढून तोडायला बघतात, हे सगळं नीट सांगून झालं. मग बोलण्याच्या नादात वरच्या दोन सारख्या घरांपैकी एकाच घरात शेवटचे दोन्ही इलेक्ट्रॉन कोंबले. डोणगावहून एसटीनं येणारी एक पोरगी लगेच उठली. "मॅडम, बाजूचं घर रिकामं हाये, मंग दोघं एकातच काऊन?" वर्ग हसला. मी एक इलेक्ट्रॉन पुसून बाजूच्या घरात काढला.

आणि मनानं मी माझ्या बारावीच्या वर्गात जाऊन बसले. दोन गव्हाणी रिकाम्या असल्यावर दोन बैल एकीत तोंड घालतात काय बे, असं आदल्याच दिवशी तुम्ही आम्हाला दरडावलेलं, आणि आता स्वतःच दोन्ही इलेक्ट्रॉन एका घरात टाकताय. घंटा होते, तुम्ही निघून जाता. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या, हजेरीच्याही आधी, तुम्ही चूक कबूल केलीत. द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो तो त्या एकेकट्या इलेक्ट्रॉनांमुळं, माझा कालचा ऑक्सिजन चुंबकाकडे ढुंकूनही पाहणार नाही, म्हणालात. मग कुणाच्या लक्षात आलं होतं, ते विचारलंत. एक हात वर नाही. तुम्ही चिडला असतात तर बरं झालं असतं. "एकालेही दिसलं नाही? मंग इतकी वर्षं मी शिकवलं तरी काय?" एवढं बोलून खुर्चीत बसलात. शिकवताना तुम्ही कधी बसत नव्हता.

त्याच उन्हाळ्यात तुम्ही रिटायर झालात. मी पेढे घेऊन घरी आले, केमिस्ट्रीत कॉलेजात पहिली आल्याचे. गुणपत्रिका पाहून तुम्ही हळूच म्हणालात, "त्या दिवशी तुले तरी दिसाले पाहिजे होतं, पोरी." मी खाली मान घालून पेढ्यांच्या खोक्याची दोरी सोडत राहिले. सरांचा पाणउतारा नको म्हणून गप्प बसले, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. कसला पाणउतारा! वर्ग हसेल म्हणून भ्याले होते. आज वर्ग हसला, आणि त्या पोरीला काहीसुद्धा झालं नाही.

तुम्ही तर गेलात, हे पत्र पाठवू तरी कुठं? बारावीच्या वहीत त्याच पानात घडी करून ठेवतेय. तिथं वरच्या दोन्ही घरांत एकेक इलेक्ट्रॉन आहे, तुम्ही फळ्यावर चुकत होतात तेव्हाच मी काढलेला. मला दिसलं होतं, सर.