बांधावरचा तांबडा दगड

बुलढाणा,
माघ महिना, १९६६

प्रिय सोजरा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते आधी पदराखाली लपवलं असशील आणि मग गोठ्यात जाऊन उघडलं असशील, हे मला इथे बसून दिसतं आहे. देऊळघाट काही परदेशात नाही. एस.टी.त बसून गप्पा रंगतात न रंगतात तोच उतरायची वेळ येते. तरी मी तिकीट लावून तुला पत्र पाठवते आहे, याचं हसू येतं आणि वाईटही वाटतं. नवऱ्यांनी अबोला धरला तर आपणही का धरला, हे मला अजून कळलेलं नाही. दोन वर्षं झाली, सोजरा. तुझ्या हातचा गुळाचा चहा नाही की तुझं टोचून बोलणं नाही. मला तुझी फार आठवण येते.

बातमी आधी सांगून टाकते. यांना विषमज्वर झाला होता. सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं. मधे एक वेळ अशी आली होती की डॉक्टर माझ्याशी बोलताना खिडकीबाहेर बघायचे. आता घरी आणलं आहे. अंगात काही उरलेलं नाही, पण कालपासून मऊ भाताला नावं ठेवायला लागले आहेत, म्हणजे काळजी नको. शाळेतली पोरं चित्रकलेच्या तासाला मोकाट सुटली असतील या विचाराने मात्र झुरत असतात.

आजारपणात दवाखान्याच्या बाकावर बसून मला आपले रविवार आठवत. तुझा नवरा आणि माझा नवरा, एक शेतकरी नि एक मास्तर, शाळेपासूनचे सोबती आणि दोघांना वेड एकच. लोक तीर्थयात्रेला जातात, हे दोघे कुठे काय विचित्र आहे ते बघायला जायचे! मला सायकलच्या कॅरियरवर बसवून आणायचं, तुझ्या ओट्यावर उतरवायचं आणि भाऊजींना घेऊन पसार व्हायचं. आपण दोघी वाल सोलत नवऱ्यांची चेष्टा करायचो. संध्याकाळी धुळीने माखून परत यायचे आणि किती तोऱ्यात सांगायचे! मोताळ्याला एका माडीला रस्त्याच्या बाजूने दार आहे आणि त्या दाराला जिनाच नाही. अमक्या माळावरचा धोंडा वाजवला की घंटेसारखा वाजतो. दोन शेंड्यांचं शिंदीचं झाड. गुरांच्या हौदात उलटा बसवलेला साहेबाच्या काळातला मैलाचा दगड. सगळं वहीत नंबर घालून उतरायचं, शेजारी यांनी काढलेलं चित्र. मी एकदा म्हटलं, लोणारचं सरोवर कसं नाही वहीत? तर दोघे माझ्याकडे अशा कीव आल्यासारख्या नजरेने बघायला लागले. जे सगळ्या जगाला ठाऊक आहे ते नवल कसलं, म्हणे.

एकदा एकच विहीर दोन वेगवेगळ्या रविवारी नोंदली गेली आणि दोघांची चांगलीच फजिती झाली. तेव्हापासून यांनी ती रंगाची युक्ती काढली. नवलाजवळच्या दगडावर तांबड्या तेलरंगाचा मोठा ठिपका द्यायचा आणि त्यावर चुन्याने नंबर घालायचा. तुमच्या बांधावर बैलाच्या वशिंडासारखा दगड आहे, त्याच्यावरही असाच नंबर पडला. मग पावसाळा आला. चुना वाहून गेला आणि तांबडा रंग राहिला. बांधावर तांबडा दगड दिसल्यावर आपल्याकडची माणसं काय करणार? कुणीतरी फूल वाहिलं, कुणी नारळ फोडला आणि पोळ्यापर्यंत तिथे देव उभा राहिला.

पुढचं तुझ्यासमोरच घडलं, तरी मी लिहिते, कारण ते आपण दोघींनी कधी बोलून दाखवलं नाही. गोजरमायचे, तुझ्या सासूबाईंचे, गुडघे धरल्यापासून त्यांचं देवळात जाणं बंद झालं होतं. ओढा ओलांडायचा म्हणजे त्यांना डोंगर चढण्यासारखं. आणि अचानक त्यांच्याच बांधावर, काठी टेकत जाता येईल इतक्या जवळ, देव आला. मला जाववत नाही म्हणून तोच माझ्याकडे आला, असं त्या गोजरमायला वाटलं. ती कुंकू लावत होती, चार बायका मागे उभ्या होत्या, तेवढ्यात हे दोघे तिथे पोचले. आणि आमच्या यांना हसू फुटलं. पोट धरून हसले. म्हणाले, “माय, हा तर आमचा नंबर आहे!” बायकाही हसल्या. गोजरमायचा हात तसाच कपाळाशी आलेला राहिला, मग तिने बोटावरचं कुंकू लुगड्याला पुसलं आणि काठी घेऊन चालू लागली. जानराव भाऊजी तडक घराकडे वळले. यांची सायकल ओट्याला टेकवलेली होती, ती त्यांनी उचलून रस्त्याकडे तोंड करून ठेवली.

आमचे हे मनाने वाईट नाहीत, तुला माहीत आहे. त्यांना वाटलं, चार दिवसांत राग जाईल. मग वाटलं, आता आपण आधी गेलो तर नाक कापलं जाईल. मग रविवारी सायकल पुसून पुन्हा भिंतीला लावून ठेवायची सवयच झाली. एकटे एकदाही कुठे गेले नाहीत. वही पत्र्याच्या पेटीवर पडून असते आणि मी धूळ झटकत असते.

तापात मात्र सगळं बाहेर आलं. माझं नाव एकदाही घेतलं नाही, हे मी आयुष्यभर ऐकवणार आहे! “जान्या, थांब बे, तो दगड वाजवून पाह्यतो,” असं बोलत राहायचे आणि हात पुढे करायचे. ते मला बघवेना. एका दुपारी शेजारच्या पुष्पाबाईंना यांच्याजवळ बसवलं आणि मी देऊळघाटची एस.टी. धरली. भाऊजींच्या पाया पडेन पण त्यांना घेऊन येईन, असं ठरवून निघाले होते. तुझ्यापर्यंत पोचले नाही, कारण वाटेतच बांधावर गोजरमाय दिसली.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. गोजरमाय त्या तांबड्या दगडापुढे एकटीच बसली होती. त्या दिवसानंतर ती तिकडे फिरकली नव्हती, हे तुझ्या शेजारणीकडून मला कळलं होतं. मला पाहून तिने जवळ बसवलं आणि म्हणाली, “मास्तरचं ऐकलं बाजारात. म्हून आली. देवाले म्हटलं, तो हासला असन तुले, पन लेकरू हाय. त्याले उठव, मी इथंच रोडगे करतो. आन् ज्यानं हासलं त्याच्याच हातानं निवद दाखवतो.” मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिने पाठीवरून हात फिरवला आणि मला दटावलं, “जानरावले सांगू नको. तो मलेच बोलन, काऊन गेली म्हणून.” भाऊजींसमोर गेले असते तर ते माझ्या तोंडून निघालंच असतं, म्हणून मी तशीच परत फिरले. ताप उतरला तो औषधाने की कशाने, हे मला विचारू नकोस. त्या दगडावरचा रंग मी स्वतः यांच्या बोटांवरून रॉकेल लावून काढलेला आहे. पण गोजरमायचा नवस फिटायचा राहिला आहे आणि ती तो मुलाला सांगू शकत नाही. रोज त्या बांधाकडे बघत असेल ती. काल मी यांना सगळं सांगितलं. आधी भिंतीकडे तोंड फिरवलं. नंतर म्हणाले, “दगडाचं माहीत नाही, पण मायच्या पायावर डोकं ठेवायला मी येतो. रोडगे भाजायच्या गोवऱ्या मीच वाहीन.” तर सोजरा, येत्या रविवारी आम्ही पहिल्या गाडीने येतो. कणीक आणि तूप मी आणते, वांगी तुझ्या मळ्यातली. भाऊजींना तू आज रात्रीच सगळं सांग. आणि हेही सांग की डॉक्टरांनी मास्तरला ओझं उचलायची सक्त बंदी केली आहे. गोवऱ्या त्यांनाच वाहाव्या लागतील.

तुझीच,
कौशल्या