पाणबुडीवरचा गंज

११ मार्च २०१६, शुक्रवार

काल तेरावा झाला. माझ्या पत्नीची, मुक्ताची, थोरली बहीण सुभद्राबाई आज सकाळच्या एसटीने आष्टीला परतल्या. पिशवी उचलता उचलता म्हणाल्या, "दाजी, पोराला न कळवता तेराव्याचं गोड जेवलात तुमी. त्यानं काय समजायचं?"

 

वस्तुस्थिती एकदा नोंदवून ठेवतो. मुक्ता २७ फेब्रुवारीस अंबाजोगाईच्या दवाखान्यात वारली. आमचा एकुलता मुलगा बद्रीनाथ नौदलात पाणबुडीवर आहे. तो १० फेब्रुवारीस समुद्रावर गेला. दोन महिने त्याच्याकडून संपर्क नाही. मुक्ता गेली त्याच दिवशी मी नौदलाच्या कार्यालयात फोन केला. अधिकारी सभ्यपणे बोलले. निरोप पोहोचवता येईल, मात्र त्याला मध्येच परत आणता येणार नाही. तेव्हा आता कळवावे की परतल्यावर, हे तुम्हीच सांगा, असे म्हणाले.

मी म्हणालो, परतल्यावर.

कारण असे दिले की, बातमीमुळे त्याच्या कामात चूक होऊ नये. कारण खरे आहे. संपूर्ण खरे नाही. तो मला विचारील — आईचे दुखणे वाढले तेव्हाच तुम्ही का कळवले नाही? — आणि तो प्रश्न मला दोन महिने पुढे ढकलायचा होता.

१३ मार्च

तिच्या नावामागे काय लिहावे, याचा आज अर्धा तास विचार केला. 'सौ.' लिहिण्याची सवय. 'कै.' लिहिले, खोडले. नुसते मुक्ता.

१५ मार्च

कपाटातून तो खोका काढला. जानेवारीत सुट्टीवर आला तेव्हा बद्रीने आईसाठी आणला होता — त्याच्याच पाणबुडीसारखी प्रतिकृती, सुटे भाग जोडून करावयाची, पूर्ण झाल्यावर हातभर लांब होईल अशी. तिने खोक्यावरचे चित्र बराच वेळ न्याहाळले. मला म्हणाली, "ह्यात माझं पोरगं निजतंय कुठं? जोडून दाखवा मला."

जोडतो म्हणालो. फेब्रुवारीत जोडू, म्हणालो. निवृत्त माणसाला वेळ नव्हता!

आता जोडीत आहे. बद्री येण्यापूर्वी पूर्ण झाली पाहिजे. तो आला आणि घरात आईही नाही व तिने मागितलेली वस्तूही नाही, असे होता कामा नये.

१८ मार्च

कवचाचे दोन अर्धे चिकटवले. सांध्यात पुट्टी भरून बारीक पॉलिशपेपरने घासले. बोट फिरवले तर सांधा लागत नाही. समाधान वाटले, आणि लगेच भीती — यात सत्तर माणसे पाण्याखाली राहतात, आणि सांधा असाच कोणीतरी बोट फिरवून तपासला असेल.

शेजारचा गहिनीनाथ डोकावून गेला. आमच्या सहकारी साखर कारखान्यात मी केमिस्ट असताना तो बॉयलरवर होता. ऊस नसल्याने दोन हंगाम कारखाना बंद, आता तो तेथेच पहारा करतो. म्हणाला, "टँकरला पाणी न्हाई अन् तुमी पाणबुडी करायलात साहेब! सोडायची कुठं?"

बऱ्याच दिवसांनी हसलो. हसल्याचे वाईट वाटले.

२१ मार्च

कार्यालयामार्फत दर पंधरवड्यास घरचा चार ओळींचा निरोप पाठवता येतो. आज लिहिला. "घरी सर्व ठीक. काळजी नसावी." दोनच ओळी झाल्या. उरलेल्या दोन ओळी मुक्ता सांगत असे.

आयुष्यात मी एकही प्रयोगशाळेचा आकडा खोटा नोंदवला नाही. संचालकांनी सांगितले तरी नाही.

२६ मार्च

रंग दिला. निव्वळ काळा रंग खेळण्यासारखा दिसतो. त्यात पांढऱ्याचे चार थेंब घातले, म्हणजे उन्हाने विटल्यासारखा होतो. खालचा भाग तांबूस. पण कालच कारखान्यातून बाहेर पडल्यासारखी कोरी करकरीत दिसते. बद्रीची पाणबुडी कोरी नाही. अनेक वर्षे चाललेली आहे. प्रतिकृतीवरही ती वर्षे दिसावीत. खोक्यातील पत्रकात रीत दिली आहे — आधी गंजाचा रंग, त्यावर ओल असतानाच मीठ भुरभुरायचे, वरून काळा रंग द्यायचा, वाळल्यावर मीठ ब्रशने झाडायचे. जिथे मीठ होते तिथे रंग उडाल्यासारखा दिसतो.

आम्ही दोघांनीही समुद्र पाहिलेला नाही. बद्रीने बोलावले होते. दरवर्षी दिवाळीनंतर जाऊ असे ठरत असे.

२९ मार्च

एक शोध लागला! टँकरने आणलेल्या बोअरच्या पाण्याचा एक थेंब चुकून प्रतिकृतीच्या पाठीवर पडला. वाळल्यावर पांढरी रेघ उरली — बद्रीने दिलेल्या त्याच्या पाणबुडीच्या छायाचित्रात आहे तशीच. पत्रकात यासाठी वेगळा रंग घ्यावयास सांगितले आहे. आमच्या पाण्याला त्याची गरज नाही. काडीने एकेक थेंब सोडून पंचवीस रेघा ओढल्या.

हे तिला सांगितले असते तर ती म्हणाली असती, तेच पाणी आपण पितो.

२ एप्रिल

गंजाचा विकतचा रंग मनास येईना. गहिनीनाथाबरोबर कारखान्यात गेलो. मळीच्या टाकीवरचा गंज पत्र्याने खरवडून डबीत घेतला. खरा गंज! दोन वर्षांत पत्रा पाने पाने होऊन सुटत आहे. हंगामात या वेळी इथे बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर जात असे. आज टाकीवर नख वाजवले ते संपूर्ण आवारात ऐकू आले.

भुकटी चाळून, थिनरमध्ये कालवून, पाणी निथळण्याच्या भोकांखाली ओघळ उतरवले. तंतोतंत दिसते.

४ एप्रिल

दुसरा निरोप. "घरी सर्व ठीक. काळजी नसावी."

८ एप्रिल

रोज सहा-सात तास काम. हात थांबवत नाही. झाकणांभोवती गंज, शिडीवर गंज, सुकाणूवर, पंख्यावर. तळाशी शेवाळाचा हिरवट काठ.

बद्री येत्या दोन दिवसांत परतणार. वाक्य तयार करीत आहे. "बद्री, तुझी आई" — इथपर्यंत होते.

१० एप्रिल

फोन नाही.

१२ एप्रिल

नाही.

१३ एप्रिल

कार्यालयात फोन केला. अधिकाऱ्यांनी सांगितले की विलंब होतो, नेमके कारण सांगता येत नाही. शेवटी म्हणाले, "काळजी नसावी."

माझेच शब्द. ते शब्द माणूस केव्हा लिहितो, हे मला ठाऊक आहे.

१४ एप्रिल

गहिनीनाथ आला. प्रतिकृती टेबलावर होती. तो वाकला, डोळे बारीक केले. मग मला विचारले, "साहेब, ही बुडालेली हाय का?"

मी म्हणालो, नाही, ही चालू आहे, वापरातील आहे.

"चालत्या यंत्राला असला गंज येत न्हाई. माणसाचा हात फिरतो ना त्याच्यावर. शिडी पायानं घासती, दांडा हातानं उजळतो. असा सरसकट गंज बसून राहिलेल्याला येतो. आपल्या टाकीवानी."

तो गेल्यावर मी प्रथमच ती दुरून पाहिली. खरेच. ही समुद्रतळाशी पडून आहे. आत कोणी नाही. बत्तीस वर्षांच्या नोकरीत, आणि नंतरच्या या दोन वर्षांत, मी लोखंड अखेरीस असेच होताना पाहिले — उभ्या-उभ्या. म्हणून तेच केले. गेले बारा दिवस मी माझ्या मुलाची पाणबुडी बुडवीत होतो!

 

१५ एप्रिल

घासून काढतो आहे. हलक्या हाताने. गंज काळ्यात मुरला आहे, सहज निघत नाही.

मी अंधश्रद्ध नाही. हे वाक्य लिहून ठेवतो आणि घासत राहतो.

१९ एप्रिल

पुन्हा काळा हात दिला. या खेपेस गहिनीनाथाला समोर बसवले. माणूस कुठे पाय ठेवील, कुठे धरील, वर येताना खांदा कुठे घासील — हे तो सांगत गेला. बॉयलरच्या शिडीवर वीस वर्षे चढला आहे. तेवढ्याच जागी पेन्सिलीचे शिसे बोटाने चोळले. लोखंड हाताळून उजळते तशी चकाकी आली. गंज फक्त जिथे हात पोहोचत नाही तिथे, दोन ओघळ.

झाकणाच्या कडेला त्याने शिसे जास्त चोळायला लावले. म्हणाला, "हितून तर सगळे बाहेर येणार."

२२ एप्रिल

फोन नाही. सुभद्राबाईंचा मात्र आला. त्या रडत होत्या. बहिणीसाठी नव्हे, भाच्यासाठी. म्हणाल्या, आता तुमी त्याला सांगायचं राहिलंच का काय!

त्यांनी असे बोलू नये. मी तसे त्यांना शुद्ध शब्दांत सांगितले, आणि फोन ठेवल्यावर त्यांचेच वाक्य मोठ्याने म्हणून पाहिले.

देवापुढे एक गोष्ट मागितली. बद्रीने मला कधीही क्षमा करू नये, आजन्म बोलू नये. पण वर यावे.

२८ एप्रिल

आला! सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी फोन. "बाबा, उतरलो. परवा घरी पोचतो." आवाज बसलेला.

मी "बरे आहेस ना" एवढेच विचारले. तयार केलेले वाक्य आठवले नाही. तो "हो" म्हणाला.

आईला फोन द्या, असे म्हणाला नाही. ती कशी आहे, हेही विचारले नाही. दरवेळी पहिला प्रश्न तोच असे. म्हणजे बंदरावरच सांगितले गेले. आता तो दोन दिवस गाडीत बसून माझ्याबद्दल विचार करीत येणार.

२९ एप्रिल

घर झाडले. तिचा पलंग आहे तिथेच ठेवला. मग वाटले, काढावा. मग पुन्हा ठेवला. दाराकडे पाठ करून बसवत नाही.

३० एप्रिल, शनिवार

बद्री दुपारी आला. ओट्यावरच बसला. मी सर्व सांगितले — अधिकाऱ्यांचा प्रश्न, माझे उत्तर, ते दोन निरोप. काहीही गाळले नाही. तो खाली पाहत होता. मी म्हणालो, तुला जो राग धरायचा असेल तो धर. तू कर्तव्यावर होतास, चूक माझी आहे.

तो म्हणाला, "आईचे रिपोर्ट मी जानेवारीतच बघितलते, बाबा. किती दिवस राहिले हायत, डॉक्टरनं मला सांगितलतं." मग म्हणाला, "या खेपेला पाणबुडीवर माझं नाव न्हवतं. मी मागून घेतलं. मला बघवलं नसतं."

दार उघडेच होते. आधी आत कोणी जायचे, हे दोघांनाही ठरवता येईना.