कीर्तनात बसलेली दहावी आढळून येणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी साहेब,
शाळा तपासणी कक्ष, पुणे.

विषय : 'विद्यार्थी आढळले नाहीत' हा शेरा रद्द करून दहावीच्या परीक्षा अर्जाचे लॉगिन सुरू करणेबाबत.
संदर्भ : १) दि. २०/०९/२०२५ ची तपासणी. २) आमचे तीन अर्ज. ३) आपले एक उत्तर.

महोदय,

अर्जदार ईश्वर योहान रणपिसे हा शिरूर तालुक्यातील करुणा ख्रिस्ती विद्यालयाचा मुख्याध्यापक असून मराठी व संगीतही तोच शिकवतो. शाळा लहान आहे. पहिली ते दहावी मिळून पट त्रेसष्ट, त्यात दहावीचे चार. दर शनिवारी शेवटच्या तासाला सगळी शाळा पत्र्याच्या हॉलमध्ये एकत्र बसते आणि अर्जदार ख्रिस्ती कीर्तन करतो. पेटीवर दहावीची अक्षदा असते.

त्या शनिवारी तपासणीस साहेब आले तेव्हा हरवलेल्या मेंढराचे आख्यान रंगात आले होते. साहेबांनी थांबण्याची खूण केली आणि ती अर्जदाराला दिसली, हे तो नाकारत नाही. परंतु मेंढरू काट्यात अडकलेले आणि मेंढपाळ नुकता निघालेला, अशा वेळी कीर्तन थांबवता येत नाही. अर्जदाराने साहेबांना हात जोडून पहिल्या रांगेत बसवले व टाळ दिले. साहेबांनी ते ठेक्यात वाजवले. मेंढरू सापडले तेव्हा डोळे पुसले. असा श्रोता अर्जदाराला वीस वर्षांत मिळाला नव्हता. शेवटी साहेबांनी खिशातला पेन काढून अक्षदाला दिला. "बाळ, बोर्डाचा पेपर याच पेनानं लिही," असे म्हणाले.

शनिवारची शाळा अकराला सुटते. तोवर साडेअकरा झाले होते आणि कवठ्याच्या व तळेगावच्या जीपवाल्यांनी हॉर्नचा कहर मांडला होता. मुले गेली. मग साहेबांनी वर्ग तपासले. स्वतःचा पेन दिलेला, म्हणून शिपाईमामांचा मागून घेतला आणि लिहिले : 'एकाही वर्गात विद्यार्थी आढळले नाहीत.' लॉगिन बंद झाले.

फेरतपासणी मागितली, तर विद्यार्थी नसलेल्या शाळेस ती देता येत नाही, असे आपले उत्तर आले. शिवाय, नसलेल्या विद्यार्थ्यांची यादी तीन प्रतींत मागवली. अर्जदाराने एसटीने पुण्याला येऊन तीही दिली. खिडकीवरच्या बाईंनी ती परत केली. "सर, शून्याची यादी एवढी लांब कशी?" अर्जदार यादी घेऊन परतला. हा त्याचा चौथा हेलपाटा होता.

अक्षदाची आजी शेवंताबाई रोज फाटकात गाठते. "सर, आमची पोर हाय का न्हाई, त्ये एकदा लिहून आणा. म्हंजी डबा करायचा का न्हाई त्ये ठरवते."

परीक्षा अर्जाची मुदत येत्या शुक्रवारी संपते. चौघांचे वर्ष जाईल. चूक असेल तर ती लांबलेल्या आख्यानाची आहे, तिची शिक्षा अर्जदाराला द्यावी. यापुढे तपासणीच्या शनिवारी कीर्तन होणार नाही, असे तो जड मनाने लिहून देतो. मुले बाकावरच सापडतील.

जी आढळलीच नाही, तिने साहेबांचा पेन ठेवणे अक्षदाला बरे वाटत नाही. म्हणून तो सोबत जोडला आहे. शुक्रवारपूर्वी लॉगिन सुरू झाल्यास कृपया तो तिला परत पाठवावा. पेपरला लागेल.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
ईश्वर योहान रणपिसे
दि. १३/१०/२०२५

सोबत :
१) कीर्तनाचा फोटो (साहेब पहिल्या रांगेत, टाळांसह)
२) शून्य विद्यार्थ्यांची यादी, नावे त्रेसष्ट
३) निळा पेन, एक (चालू)