अंगठा वर की खाली

नाही हो वन्सं, पाय कापलेला नाही. दोन्ही जागेवर आहेत, फक्त कुठे आहेत ते मला कळवत नाहीत. कुणी घातलं हे तुमच्या डोक्यात? (धाकट्या जाऊबाईच असणार. कुणी शिंकलं तरी त्या त्याला दवाखान्यात भरती करून मोकळ्या होतात.) असो, आधी नमस्कार. तुमची कंबर आणि तुमचा राग, दोन्ही ठणठणीत ना?

तर झालं असं. त्या तापानंतर पायांतल्या नसा रुसल्या. खाली बघत चाललं की पाऊल नीट पडतं, नजर हटली की ते शेजाऱ्याचं होतं. परवा बेसिनपाशी तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि थेट मागच्या बादलीत बसले. (तुमच्या भावाला डोळे उघडे असून उंबरा दिसायचा नाही. पण त्यांना कधी कुणी आजारी म्हटलं नाही, हं!) आता लेक म्हणतो, एकटीला चालता येत नसेल तर घराला कुलूप घाल आणि आमच्याकडे ये. सून गुणाची आहे हो, पण तिच्या घरात मी पाहुणी. इथे निदान कुणावर ओरडायचं ते मी ठरवते.

म्हणून चालायला शिकवणारी मुलगी लावलीय. मी तिला मास्तरीणबाई म्हणते. ती मला खाटेवर आडवं करते, डोळे मिटायला लावते, पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी धरून हलवते आणि विचारते, "आजी, वर की खाली?" चौथीत दोनदा बसलेली मी, पण दहापैकी नऊ बरोबर! ती खूश. म्हणाली, पाय कुठे आहे हे पायालाच कळायला लागलं की चाल सुधारते. सोमवारपासून वॉकर नको, खाली बघणं नको. लेकानेही कुलपाचं नाव काढणं सोडलं.

तुमची गुणी भावजय

ता.क. सोमवारच्या आत चार दिवस राहायला याच. लेकाला सांगा, कंबर दाखवायला आलेय.

आणखी एक ता.क. रागावू नका. अंगठा वर करताना मास्तरणीचं स्टूल करकरतं, खाली करताना नाही. नऊ उत्तरं त्या स्टुलाची. दहावं मी मुद्दाम चुकवलं, संशय नको म्हणून. पायाला अजून काडीचं कळत नाही. वॉकर सोडला की मी पडणार. तिला खरं सांगायचंय वन्सं, पण एकटीला धीर होत नाही.