चादरीचं टोक

४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

काकांच्या गुडघ्याचं वाचलं. त्यांना जिना चढू देऊ नकोस.

माझं मात्र बिनसलंय. खिडकीजवळच्या खाटेवरचे आजोबा गेले. दूरच्या मुलखातले, त्यांची भाषा वॉर्डात कुणालाच येत नव्हती. मी नेहमीसारखी चादर त्यांच्या तोंडावर ओढली, तर त्यांच्या बायकोने ती हिसकावली आणि किंकाळी फोडली. मग दुभाष्याने सांगितलं, मुलगा येऊन बघेपर्यंत त्यांच्यात चेहरा झाकत नाहीत. झाकला तर माणूस एकटाच निघून जातो. मुलगा वाटेत होता गं.

आता घरी अंथरूण घालतानाही ती किंकाळी ऐकू येते. परक्या भाषेचा पेशंट आला की मी दुसऱ्या नर्सला पुढे करते. मेट्रनबाईंकडे औषधांच्या स्टोअरमध्ये बदली मागितलीय.

रागावू नकोस, तुझा राग सोसण्याइतकीही ताकद नाही.
तुझी चिमणी

१५ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तुझे काका जिना चढतातच, आणि वरून चहासाठी हाका मारतात.

स्टोअरमधल्या बाटल्या ओरडत नाहीत, हे खरं. पण मीही जन्मभर नर्सच होते, म्हणून विचारते: दुभाषी होता, तर त्याला माणूस गेल्यावरच का बोलावलंत? सगळ्यांच्या रीती पाठ करायला सात जन्म पुरणार नाहीत. विचारायला तोंड पुरतं. टोचलं असेल तर टोचू दे.

जेवत जा. माया आहे म्हणूनच बोलते.
मावशी

२ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

चादर हिसकावणाऱ्या त्याच आजी आमच्या वॉर्डात भरती झाल्या. मला बघितलं आणि भिंतीकडे वळल्या. वाटलं, पळून जावं. पण आधी दुभाष्याला फोन लावला आणि त्याच्यामार्फत आजींना विचारलं, मी काय करू, काय करू नको. त्या म्हणाल्या, हात लावण्याआधी बोलत जा, कळलं नाही तरी चालेल. मी आपल्या भाषेत बोलायचे, काकांच्या जिन्याचंसुद्धा. त्या ऐकायच्या.

एका दुपारी त्यांनी दुभाष्याला बोलावून घेतलं आणि मला विचारलं, चादर ओढली तेव्हा आजोबा घाबरलेले दिसत होते का. मी खरं सांगितलं, की मी नीट बघितलंच नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. पुढे कधी विषय काढला नाही.

परवा सकाळी त्या गेल्या. वॉर्डबॉय खाट रिकामी करायला दोनदा आला, दोन्ही वेळा मी त्याला परत पाठवलं आणि उघड्या चेहऱ्यापाशी बसून राहिले. या वेळी नीट बघितलं. मुलगा आला. आईकडे खूप वेळ बघत राहिला, मग चादरीचं टोक माझ्या हातात दिलं. झाकताना ती किंकाळी ऐकू आलीच, मावशी. ती जाईल असं वाटत नाही.

आज बदली मंजूर झाल्याचं कळलं. मी नको म्हणाले. मेट्रनबाईंनी विचारलं, आता जमेल याची खात्री आहे का. मी म्हटलं, नाही. आणि नव्या पेशंटकडे गेले.

तुझ्या बोलण्याची सवय झालीय, ते थांबवू नकोस.
चिमणी