मिहायो मयत असल्याची नोंद

टबोरा,
३ जून १९९६

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, आधी बसून घ्या आणि मग पुढे वाचा, कारण बातमी तुमच्या मृत्यूची आहे.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी माजी सैनिकांच्या कचेरीत गेले होते. वीस जुलैला इथल्या मैदानावर सतरा वर्षांपूर्वीच्या कागेरा युद्धातल्या सैनिकांचा मेळावा आहे. डॉक्टर तपासणार आहेत, औषधं मिळणार आहेत, आणि ज्यांचे हातपाय गेले त्यांच्या मापाचे नवे बनवून देणारे कारागीरही येणार आहेत. माप त्याच दिवशी घेतात, पाय महिन्याभरात हातात. मी तुमचं नाव द्यायला गेले. तिथली कारकून मुलगी नुकतीच समुद्रकाठाकडून बदलून आली आहे, शिस्तीची आहे. तिने यादीवरून बोट फिरवलं, थांबली आणि हळू आवाजात मला म्हणाली की मिहायो कापाया मयत आहेत, तुम्हाला कुणी कळवलं नाही का.

मी म्हटलं, मयत माणसाने गेल्याच महिन्यात माझ्याशी आंब्यावरून भांडण केलं. ती हसली नाही. तिच्याकडे दोन पुरावे आहेत. एक, लष्कराची जुनी यादी: १७ फेब्रुवारी १९७९, दुपारी, मसाका गावाच्या अलीकडे, मृत. दुसरा, याच वर्षी आलेलं एका जिवंत साक्षीदाराचं पत्र. नाव सांगायला तयार नाही. मुलीचा शब्द चालत नाही म्हणे, आणि माणूस समोर उभा राहिला तरी तो मिहायोच कशावरून असं विचारतात. त्या दिवशी बरोबर असलेल्या सैनिकाने त्या जुन्या नोंदीचा खुलासा लिहून द्यायला हवा. इस्पितळाचे कागद तर आपल्या घराबरोबरच जळाले.

मला कुतूहलाने झोप नाही. हा साक्षीदार कोण? आणि संध्याकाळी तुम्ही इस्पितळात होतात, मग दुपारी मेलात कसे?

हसण्यावारी नेऊ नका. आईने कळवलंय की लाकडी खुंटाने पुन्हा जखम झाली आहे. सिकोंगेचे डॉक्टर म्हणाले होते, हाच खुंट वापरत राहिलात तर गुडघ्याच्या वर कापावं लागेल. कारागीर पुन्हा कधी येतील हे कुणालाच ठाऊक नाही.

माझ्यावर रागवा, पण उत्तर लगेच पाठवा.

आपली,
न्यामिझी

*

सिकोंगे,
१० जून

चि. न्यामिझीस,
मयत बापाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तुझ्या आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं की आता मेलेल्या माणसासाठी मक्याची उगाली किती रांधायची. मी म्हटलं, नेहमीपेक्षा जास्त, लांबचा प्रवास आहे. शेजारचे दोघे भेटायला येऊन गेले. माझी मधाची पोळी कुणाला मिळणार याची चौकशी त्यांनी बरीच आपुलकीने केली. तशीही ती आता दुसरेच काढतात. मला जंगलात तेवढं चालवत नाही.

साक्षीदार कोण, याचा शोध लावायला तुला शाळामास्तरीण व्हायची गरज नव्हती. आमच्या तुकडीतले आता दोघंच उरलोत. एक मी, तोही वारलो. दुसरा तुझा ऑस्मंडकाका, सोंगेआचा राजा. त्याच्या न्गोनी लोकांत जो तो राजाच असतो, प्रजा म्हणून कुणी सापडत नाही. चार जणांची उगाली एकटा खायचा आणि घोरायचा असा की शत्रूला आमचा पत्ता आपोआप कळावा. त्याला विचार. मी लिहिलं तर नुसत्या शिव्या लिहीन आणि त्या कारकून मुलीला त्यातलं काही कामाला येणार नाही.

त्या दुपारचं विचारतेस. सुरुंग फुटला, पाय गेला, ऑस्मंडने उचललं, इस्पितळात नेलं. एवढंच. ऊन फार होतं.

जखमेचं तुझ्या आईने वाढवून लिहिलंय. अर्थात, रात्री खुंट सोडताना ती मला फडकं दाताखाली धरायला देते हेही खरं आहे.

जिवंतपणी होती तेवढीच माया आहे, कमी नाही.

तुझा,
बाबा

*

टबोरा,
१४ जून

ती. ऑस्मंडकाकांस,
सा. न. वि. वि.

राजेसाहेब, हमालाच्या मुलीचं पत्र आलं म्हणून नाक मुरडू नका. आमचे न्यामवेझी आजे-पणजे व्यापाऱ्यांची ओझी डोक्यावरून समुद्रापर्यंत नेत, म्हणून तुम्ही आम्हाला जन्मभर हमाल म्हणत आलात. आता मलाही एक ओझं उतरवून घ्यायचंय, आणि ते तुमच्याशिवाय उतरणार नाही.

कचेरीला बाबा मेल्याचं कुणी कळवलं? तुम्हीच ना? खरं सांगा, मी रागावणार नाही. दोन दिवसांनी रागावेन.

पण त्याहून मला छळतंय ते दुसरंच. लष्कराच्या यादीत बाबा त्या दिवशी दुपारीच मेले आहेत. तेव्हा तर कुणी थट्टा करत नसेल. मग त्यांना मेलेलं लिहिलं कुणी? बाबांना विचारलं तर ऊन फार होतं एवढंच सांगतात. बाबा अडीच तास मधमाश्यांवर बोलू शकतात आणि स्वतःचा पाय गेला त्या दिवसावर अडीच ओळी! मला यात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. तुम्ही तिथे होतात.

वीस जुलैच्या आत तुमचा खुलासा हवा. नाहीतर जखमेपायी बाबांचा गुडघाही जाईल. हे थट्टेत लिहिलेलं नाही.

काकूंना नमस्कार. धाकट्यांना माझी आठवण द्या आणि मलाही विसरू नका.

आपली,
न्यामिझी

*

सोंगेआ,
३० जून

चि. न्यामिझीस,
अनेक आशीर्वाद.

पोरी, माझंच काम ते. फेब्रुवारीत कचेरीचा छापील कागद आला. विचारलं होतं, सदर इसमास आपण ओळखता काय, त्याची सद्यःस्थिती काय. मी लिहिलं, ओळखतो, वारला. मयतीला जाऊन आलो, जेवणातल्या शेंगा अर्धकच्च्या होत्या, हमालांतला एक कमी झाल्याने देशाला हलकं वाटतंय. तुझ्या लोकांची आणि माझ्या लोकांची आज्या-पणज्यांपासून थट्टेची सोयरीक, उतानी. मित्र ठणठणीत आहे हे कळवायची आमची हीच रीत. दुसरं काही लिहिलं असतं तर त्यालाच काळजी वाटली असती. इथला कुणीही माणूस तो कागद वाचून पोट धरून हसला असता. पण कागद वाचणारी नवीन आहे हे मला काय माहीत! तोंडाने बोललो असतो तर तिला माझा चेहरा दिसला असता.

हे झालं सोपं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला मला सहा दिवस लागले. तुझ्या काकूने दोनदा विचारलं की कुणाला इतकं पत्र लिहितोय.

त्या दुपारी सुरुंग फुटला तेव्हा आम्ही दोघंच मागे होतो. मी तुझ्या बापाला ओढत केळीच्या बागेत नेलं. पाय बांधला. मग बाजूने गोळ्या सुरू झाल्या आणि मी त्याला तिथे ठेवून पळालो. हो, पळालो. पुढे तुकडी होती. प्रमुखाने विचारलं, मिहायो कुठे. मी म्हणालो, मेला. त्याने लिहून घेतलं. तीच ती नोंद. माझ्या शब्दावर झालेली.

मला कुणी पाणी दिलं. ते मी दुसऱ्याला देऊन टाकलं. तासाभराने कुणाला न सांगता परत गेलो. तो होता तिथेच होता, बेशुद्ध, पण श्वास चालू. पाठीवर घेतला आणि संध्याकाळी थेट इस्पितळात पोचवला. नोंद खोडायला मी कधी गेलो नाही. गेलो असतो तर प्रमुखाने विचारलं असतं, मग मेला म्हणालास तो कशावरून.

सोबतच्या बंद पाकिटात हे सगळं कचेरीसाठी लिहिलंय, थट्टेचा एक शब्दही न घालता. सही आहे, आमच्या इथल्या मुखियाचा शिक्काही आहे. ते देऊन टाक. पण तुझ्या बापाला यातलं काही कळू देऊ नकोस. तो मला आपला प्राण वाचवणारा समजतो. एवढं एकच माणूस मला तसं समजतं.

हे वाचूनही काका म्हणावंसं वाटलं तर म्हण.

तुझा,
ऑस्मंड

*

टबोरा,
२२ जुलै

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

काका, मी तुमचं म्हणणं पाळलं, पण कचेरीने ते मोडलं. तसा नियम आहे हे मला ठाऊक नव्हतं, माझी शपथ.

मेळाव्याला शंभरेक माणसं होती. एका बाजूला डोळे तपासत होते, दुसरीकडे विधवांचे अर्ज भरून घेत होते, आंब्याखाली म्हातारे एकमेकांचे जुने हुद्दे काढून सलाम ठोकत होते. तुमचं पाकीट मी आदल्या आठवड्यात दिलं होतं. साहेबांनी बाबांना समोर खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले की ज्याच्याबद्दल साक्ष आहे त्याच्यासमोर ती वाचायची आणि त्याची कबुली घ्यायची. मी मध्ये पडले. म्हटलं, मला सगळं ठाऊक आहे, मी सही करते. त्यांनी ऐकलं नाही. तीच कारकून मुलगी उभी राहिली आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. ती इतकी सावकाश वाचत होती की मला तिचा हात धरावासा वाटला. पळालो हा शब्द आला तेव्हा आजूबाजूचे म्हातारेही वळून बघायला लागले.

बाबा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. मान्य आहे का, असं साहेबांनी विचारलं. बाबांनी मान हलवली, सही केली. नोंद खोडली गेली. कारागिरांनी माप घेतलं. सगळं अर्ध्या तासात झालं, आणि ज्यासाठी इतकी धडपड केली ते झाल्याचा आनंद मला झालाच नाही.

त्या रात्री बाबा माझ्याकडे राहिले. काल बसने परत गेले. बसमध्ये बसताना एवढंच विचारलं की ऑस्मंडचा पत्ता बदललाय का. रागात विचारलं की कसं, मला कळलं नाही. काका, मी पत्र लिहिण्याआधी तुम्ही दोघं एकमेकांना वर्षातून दोनदा शिव्या लिहीत होतात. माझ्या चौकसपणामुळे ते बंद पडलं तर मी काय करू?

तुम्हाला काकाच म्हणते आणि म्हणत राहीन.

आपली,
न्यामिझी

*

सिकोंगे,
२८ ऑगस्ट

राजेसाहेब ऑस्मंड यांस,
हमाल मिहायोचा दुरून नमस्कार, जवळ आलात तर वास येईल.

पाय आला. पट्ट्याचा आहे, खाली रबरी पाऊल, वर बूटही चढतो. पहिल्या दिवशी अंगणात पडलो, दुसऱ्या दिवशी गाईने हसून घेतलं, आणि काल तिसऱ्या पोळ्यापर्यंत चालत गेलो. जखम सुकत आलीय. कापायचं नाही असं डॉक्टर म्हणाला. तुझ्याच कागदाने हे झालं म्हणून आधी हे लिहितोय.

उत्तराला उशीर झाला त्याचं कारण, मला सरळ लिहिता येत नाही. तुलाही येत नाही. तरी तू लिहिलंस.

तू लिहिलंस की मी बेशुद्ध होतो. नव्हतो. तू गेलास तेव्हा केळींतून तुझी पाठ दिसत होती, लहान लहान होत गेली. हाक मारायला तोंडात ओल नव्हती. मला वाटलं, बरं झालं, एक तरी घरी जाईल. मग ऊन उतरायला लागलं आणि तू येताना दिसलास. चालत नव्हतास, धावत होतास, वाकूनही नव्हे, सरळ, मूर्खासारखा. तू वाकलास तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडे ठेवले असते तर तुला माझ्याशी काहीतरी बोलावं लागलं असतं.

ऑस्मंड, मी तुझ्या खाण्यावर बोललो, घोरण्यावर, नाकावर, तुझ्या राजेपणावर, तुझ्या सासूवर बोललो. आपल्या सोयरिकीत मला सगळ्याची मुभा आहे, आणि मी काही सोडलं नाही. सतरा वर्षांत तू पळालास असं एकदा तरी म्हणालो का रे?

लोभ होता तसाच आहे.

तुझा,
मिहायो